लग्गा

(पहाट. तालमीचा हौदा. खोऱ्यानं लाल माती उकरल्याचा आवाज.)

कोल्हापुरात 'लग्गा', म्हणजे नशिबानं लागलेला डाव, हा शब्द जपून वापरावा लागतो. खासबागेच्या कुस्ती मैदानात एखाद्या नवख्यानं नामांकित पैलवानाला अस्मान दाखवलं, की चहाच्या गाड्यांवर खटला सुरू होतो. मारली, का लागली? दुसऱ्या मिनिटाला पाय सटकून गेलेली कुस्ती वेगळी. अर्धा तास दमवून, मग घिस्सा डाव मारून घेतलेली वेगळी. पाठ दोन्हीकडं मातीलाच लागते, पण घरी जाताना लोक बोलतात ते वेगवेगळं.

आज याच काट्यावर बॉक्सिंगची एक लढत ठेवून बघू. तिलाही लग्गा म्हणणारे आहेत.

(मोबाईलवर जुनं चित्रण. भोवती चार-पाच पोरं, मागं खुर्चीवर वस्ताद.)

११ फेब्रुवारी १९९०, रविवार. टोकियो डोम. एका बाजूला हेवीवेट जगज्जेता माइक टायसन. ३७ लढती, ३७ विजय, त्यातले ३३ नॉकआऊट. दुसऱ्या बाजूला ओहायो राज्यातल्या कोलंबसचा जेम्स 'बस्टर' डग्लस. लास वेगासच्या मिराज कॅसिनोनं, म्हणजे आपलं मिरज नव्हे, डग्लसवर भाव दिला होता ४२ ला १, म्हणजे तो जिंकला तर एका डॉलरला ४२. टायसनवर पैसे लावून मिळणार काय, म्हणून बाकीच्यांनी हा खेळ मांडलाच नव्हता.

लढतीच्या तेवीस दिवस आधी डग्लसची आई वारली होती.

आता हातांकडं बघा. दोन्ही हात पसरल्यावर डग्लसची लांबी ८३ इंच, टायसनची ७१. हे एक फुटाचं अंतर त्यानं पहिल्या फेरीपासून वापरलं. डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, परत जॅब, मागून उजवा. टायसन अंगाला भिडायला आला की मिठी मारून अडवायचा, सुटला की पुन्हा जॅब. टायसनचा डावा डोळा सुजत गेला. सूज दाबायचं थंड लोखंड त्याच्या माणसांकडं नव्हतं. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून ते डोळ्यावर धरत होते. जगज्जेत्याच्या कोपऱ्यात ही तयारी!

आठवी फेरी संपत आलेली. टायसनचा उजवा अपरकट खालून आला आणि डग्लस पाठीवर. पंच ऑक्टाव्हियो मेरान दहापर्यंत मोजू लागले. नवाला डग्लस उभा. पंचांचं मोजणं वेळाधिकाऱ्याच्या मागं होतं, यावरून पुढं मोठा गदारोळ झाला. बॉक्सिंगच्या दोन संघटनांनी तर निकाल मानायलाच दोनेक दिवस घेतले. लग्गा म्हणणाऱ्यांचा मुख्य पुरावा हाच. पण पंच जो आकडा मोठ्यानं म्हणतो, तो ऐकूनच पडलेला माणूस उठतो. आणि नंतरच्या फेरीत मार कोणी खाल्ला? टायसननं.

दहावी फेरी. डग्लसचा अपरकट, लगोलग डावे-उजवे ठोसे. टायसन आयुष्यात पहिल्यांदा खाली. गुडघ्यावर रांगत दातांची पट्टी शोधतोय, ती वाकडीच तोंडात कोंबतोय. खेळ खलास. गंमत म्हणजे नऊ फेऱ्यांनंतर एका गुणपंचानं टायसनलाच एका गुणानं पुढं ठेवलं होतं. काय बघत होता, कोण जाणे.

आणि डग्लस काही आभाळातून पडला नव्हता. बाप बिली 'डायनामाइट' डग्लस मुष्टियोद्धाच. १९८७ मध्ये बस्टर टोनी टकरशी जगज्जेतेपदासाठी लढून दहाव्या फेरीत हरलेला. १९८९ मध्ये त्यानं माजी विजेता ट्रेव्हर बर्बिक आणि ऑलिव्हर मॅकॉल या दोघांना हरवलं. याच मॅकॉलनं पुढं १९९४ मध्ये जगज्जेत्या लेनॉक्स लुईसला दुसऱ्या फेरीत गारद केलं.

(राजाराम कॉलेजची इमारत.)

आपल्या खाशाबा जाधवांचं ऑलिंपिक पदकही एकच, १९५२, हेलसिंकी. त्याला लग्गा म्हणायची छाती इथं कुणाची नाही. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले होते, आणि या कॉलेजात शिकणारा हा गडी कशावर घडला ते कोल्हापूर जाणतं. एकदाच मिळालं, म्हणून ते नशिबानं मिळालं असं होत नाही.

डग्लसची अडचण टोकियोत नाही, नंतर आहे. २५ ऑक्टोबर १९९०. सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरची बिदागी, समोर आव्हानवीर इव्हँडर होलीफील्ड. तिसऱ्या फेरीत एकच उजवा, डग्लस आडवा, उठलाच नाही. मग सहा वर्षं रिंगणाबाहेर. वजन बेसुमार वाढलं, मधुमेहानं बेशुद्ध पडून मरता मरता वाचला, १९९६ ला परत आला आणि १९९९ ला थांबला. किताब पुन्हा मिळाला नाही.

(पोरांची हुज्जत. एक म्हणतो लग्गा, दुसरा त्याच्या अंगावर जातो.)

वस्तादांना आम्ही विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी उलट विचारलं, "वजन किती भरलं हुतं?"

टोकियोत साधारण १०५ किलो. होलीफील्डच्या वेळी १११ च्या पुढं. आठ महिन्यांत.

"मग झालं की. खुराक चालू, मेहनत बंद." मोबाईलकडं बोट दाखवून म्हणाले, "ही कुस्ती त्यानं मारलीया. दुसरी न लढताच दिली."

मग लग्गा म्हणणाऱ्या पोराकडं वळले.

"तुझं किती भरलं रं आज?"

(पोरगं कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडं बघतं. काट्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला आहे.)