पाच हजारांमागे एक

(दृश्य: बडोदा कॉलेजचा घुमट)

आज इथे विद्यापीठाची कला शाखा आहे. १९१६ साली हे बडोदा कॉलेज होतं, आणि इंटरला विनायक नरहर भावे, म्हणजे पुढचे विनोबा, नावाचा वीस वर्षांचा मुलगा होता. भर उन्हात अनवाणी कोसभर चालायचं, गादीवर निजायचं नाही, हे त्याचे नेम. एके दिवशी आई चुलीपुढे बसलेली असताना त्याने आपले दाखले जाळात घातले. पुढेमागे लागतील, हे तिचं म्हणणं त्याने ऐकून घेतलं, ऐकलं नाही.

२५ मार्चला परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि थेट काशी गाठली. तिथे गांधींच्या भाषणाचा वृत्तांत वाचला, पत्रं गेली-आली, आणि ७ जूनला तो अहमदाबादेत, गांधींच्या कोचरब आश्रमात. बडोद्याहून अहमदाबाद शंभरेक किलोमीटर. पठ्ठ्या काशीचा वळसा घालून पोचला!

(दृश्य: पवनार, धाम नदीचा काठ)

१७ ऑक्टोबर १९४०. महायुद्धाविरुद्ध गांधींनी सुरू केलेल्या वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही विनोबा. रीत ठरलेली होती. कुठे, केव्हा बोलणार ते मॅजिस्ट्रेटला आधी लेखी कळवायचं. मग तिथे उभं राहून सांगायचं, की युद्धाला माणसं किंवा पैसा देणं चूक आहे. अटक झाली नाही तर चालत पुढचं गाव, तोंड दिल्लीकडे. एकेकटंच का? गर्दीत एकाने दगड उचलला तरी दुसऱ्या दिवशी चर्चा दगडाचीच होते, युद्धाची नाही. विनोबांना २१ तारखेला पकडलं. तीन महिने सजा.

धर्माच्या बाबतीतही त्यांचा नियम तितकाच सुटसुटीत: सोबतच्या माणसाला धर्मावरून देवळाच्या दारात अडवलं, तर आपणही आत जायचं नाही. १९५५ मध्ये पुरीला एका फ्रेंच बाईंना मज्जाव झाला, विनोबा बाहेरूनच फिरले. त्याआधी तेव्हाच्या बिहारमधल्या देवघर या तीर्थक्षेत्री हरिजनांसोबत देवळात गेले तेव्हा मार खाल्ला होता. फिर्याद केली नाही. १९५८ मध्ये पंढरपुरात मात्र सगळ्या धर्मांचे सोबती घेऊन विठ्ठलापुढे उभे राहिले.

(दृश्य: बडोद्यातली मांडवी, सकाळ, दुकानं उघडताहेत)

१९५७ मध्ये विनोबांची शांतिसेना उभी राहिली: दंगे शमवणारे निःशस्त्र स्वयंसेवक. विनोबांचा हिशोब होता पाच हजार वस्तीमागे एक सैनिक. तेव्हाच्या ३५ कोटींना ७० हजार. पाच हजार म्हणजे साधारण हजार घरं, एका माणसाला पायी फिरून ओळखीची होतील इतकी. दंगल पेटल्यावर बाहेरून आलेल्याचं कोण ऐकतो? म्हणून एरवी त्याच गल्लीत सेवा करत राहायचं: आजारी माणूस, तुंबलेलं गटार, भावाभावांचा तंटा.

सैनिकांच्या खर्चासाठी घरोघरी सर्वोदय पात्र नावाचं भांडं. घरातल्या लहान मुलाने रोज त्यात मूठभर धान्य टाकायचं. पोराची मूठ पंचवीस-तीस ग्रॅमची, महिन्याचं होतं किलोच्या आत-बाहेर. भांडं ठेवणं सोपं, दर महिन्याला ते रिकामं करायला जाणं अवघड. दोन पावसाळी महिने कुणी फिरकलं नाही की धान्यात टोके होतात, आणि मुलाचाही हात थांबतो.

२०११च्या जनगणनेत बडोदा शहर १६ लाखांच्या वर होतं. त्या हिशोबाने इथे सव्वातीनशे शांतिसैनिक लागतील. एकट्या मांडवीच्या चार दरवाजांभोवतालच्या पोळांना, म्हणजे जुन्या गल्लीवस्त्यांना, किती, हे मोजायला दारोदार हिंडावं लागेल.