ज्याचा षड्ज त्याला

नमस्कार. समोर गाण्याचे क्लास चालवणारी मंडळी पुष्कळ दिसताहेत, म्हणून आज रागांवर नाही, गळ्यावर बोलते. गवयाने किती मैफली गाजवल्या हे आपल्याकडे सगळे विचारतात. शिकवणाऱ्याने किती गळे राखले, हे मात्र कोणी विचारत नाही.

देवगिरी आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून जेमतेम १५ किलोमीटरवर. तेराव्या शतकात तिथे यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याचं घराणं मूळचं काश्मीरचं, त्याचं काम दरबारी हिशेबाचं. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्यात गाणाऱ्याचे २५ दोष नोंदवले. दात आवळून गातो तो संदष्ट, भीतभीत गातो तो भीत, भलामोठा जबडा उघडतो तो कराली, डोळे मिटून घेतो तो निमीलक, नाकात गातो तो सानुनासिक. ही यादी वाचताना मला आपल्याच क्लासमधली पोरं दिसतात. यातले कितीतरी दोष कानाचे नाहीत, शरीराचे आहेत. म्हणजे सुरात गाणाऱ्या मुलातही ते असतात, आणि ‘सुरात आहे ना, मग झालं’ म्हणून आपण ते तसेच सोडून देतो.

आपल्या मराठवाड्यातला मुलगा क्लासला येतो तो बहुतेक वेळा भजनातून. सप्ताहात उंच पट्टीत, पखवाजाच्या वर आवाज काढून तो गायलेला असतो. दमसास उत्तम, लाजबुजणं नाही. ही त्याची कमाई आहे, तिला नावं ठेवू नका. माझ्याकडे परभणीकडचा असाच एक मुलगा आला. तार सप्तकात, म्हणजे वरच्या स्वरांत बिनधास्त, पण मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, पंचमाच्या खाली नुसती हवा. मानेच्या शिरा ताठ, हनुवटी वर. मी त्याला म्हटलं, “बाळा, हनुवटी खाली घे आणि शेजारच्याला ऐकू जाईल एवढाच सा लाव.” तो म्हणाला, “बाई, एवढ्या हळू गायलं की आवाज हलतो.” बरोबरच होतं. आजवर जोर लावूनच तो स्वर धरत आला होता. मग कित्येक महिने तानपुऱ्यावर नुसता खर्ज, म्हणजे खालचे स्वर, ‘आ’कार आणि श्वास. बंदिश नाही. घरचे कंटाळले, तो मात्र कंटाळला नाही.

दुसरी गोष्ट पट्टीची, म्हणजे सा कुठल्या उंचीवर धरायचा त्याची. गुरुजींचा सा काळी एकवर, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर, म्हणून पेटीवर काळी एक, आणि समोर बसलेल्या मुलीही त्याच पट्टीत. खाली त्यांचा आवाज घोगरा होतो, वर गेल्या की ओढला जातो. मुलींचा सहज षड्ज, म्हणजे सा, बऱ्याचदा काळी चार-पाचच्या आसपास असतो. क्लासमध्ये दोन गट करायला काय हरकत आहे? आणि बारा ते पंधरा वयातल्या मुलांचा आवाज फुटतो, तेव्हा स्वरयंत्र वाढत असतं, स्वरतंतू लांबत असतात. त्या काळात त्यांना गाणं बंद करायला सांगू नका आणि जुन्या पट्टीतही ओढू नका. पट्टी उतरवा, मधल्या पाच-सहा स्वरांत हलकं गाऊ द्या.

पंडित नाथराव नेरळकर नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले आणि पुढे आपल्या संभाजीनगरात राहून त्यांनी गायन आणि अध्यापन दोन्ही केलं. २०१४ सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१मध्ये ते गेले. मोठा गवई आणि मनापासून शिकवणारा गुरू एकाच माणसात असू शकतो, तेही मराठवाड्यात राहून, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून ‘मैफली मिळाल्या नाहीत, मग क्लास काढला’ असं कोणी म्हणालं की मला राग येतो. शिकवणं ही उरलेल्यांची जागा नाही.

परीक्षेचे अर्ज भरायचे दिवस आले की पालक विचारतील, प्रवेशिका कधी, मध्यमा कधी? तेव्हा त्यांना मुलाच्या गळ्याची अवस्था सांगा. खर्ज कुठपर्यंत लागतो, श्वास कुठे तुटतो, पट्टी कोणती. हे तुमच्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहिलेलं असू द्या. आता पेटी घेऊ. पुढच्या रांगेतल्यांनी एकेक करून आपापला षड्ज लावून दाखवा.