रुमालात बांधलेले गाव

(दृश्य : सकाळ. धानाच्या बांध्यांमधून जाणारा रस्ता, पुढे तलावाची पाळ, पाळीच्या पलीकडे गाव.)

भंडारा जिल्ह्यात चुलबंद नदीच्या खोऱ्यातून फिरताना थोड्या थोड्या अंतरावर एकेक तलाव लागतो. यांतले काही गोंड राजवटीतले आहेत, बरेचसे कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेले आहेत, आणि सरकारदप्तरी या साऱ्यांचे नाव एकच आहे : माजी मालगुजारी तलाव. मालगुजार म्हणजे गावचा सारा सरकारात भरणारा जमीनदार. लोकांनी त्यातली दोन आद्याक्षरे उचलून 'मामा तलाव' असे सुटसुटीत नाव केले. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र हा मामा नेमका कोणाचा, असा प्रश्न पडतो. आपला विषय तलाव हा नाही. तलाव कोणी बांधला, त्याचे पाणी आधी कोणाच्या बांधीत जायचे आणि पाळीवरची झाडे कोणाची, हे ज्या कागदांवर लिहिले गेले, ते कागद आज कुठे आहेत, हा आपला विषय आहे.

(दृश्य : गावातले सार्वजनिक वाचनालय. दारात सायकली. आत वर्तमानपत्रांचे टेबल.)

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि त्यानुसार गावोगावची वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवून त्यांना शासनाचे अनुदान मिळू लागले. हे वाचनालय त्यांपैकीच एक आहे. पुढच्या खोलीत कादंबऱ्या, स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि बाराखडीपासून सुरू होणारा बालविभाग आहे. मागच्या खोलीत, जिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवत असत, तिथे दोन लोखंडी कपाटे आहेत. त्यांवर रंगाने लिहिले आहे : स्थानिक इतिहास.

असे कपाट खेड्यातल्या वाचनालयात असण्याचे महत्त्व कळण्यासाठी विदर्भाच्या कागदांचा प्रवास ध्यानात घ्यावा लागतो. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले आणि पाठोपाठ त्यांचे राज्यही खालसा झाले. एकाच सुमारास इंग्रजी अमलाखाली आलेले हे दोन मुलूख पुढे अर्धशतक वेगवेगळे राहिले. १९०३ मध्ये वऱ्हाड, नागपूरचा मुलूख ज्यात होता त्या मध्य प्रांताला जोडला गेला. १९५६ पर्यंत नागपूर ही एका मोठ्या प्रांताची राजधानी होती, त्यानंतर विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. राज्य बदलले की दप्तर हलते. त्यामुळे इथल्या एखाद्या गावाचा माग काढणाऱ्याला नागपूरच्या अभिलेखागारापासून भोपाळ, मुंबई, हैदराबाद आणि थेट लंडनपर्यंत जावे लागू शकते. धानाचे रोवणे सोडून तिथवर कोण जाणार? बसने अर्ध्या तासात गाठता येईल अशी जागा एकच उरते, आणि ती म्हणजे तालुक्यातले किंवा गावातले वाचनालय.

(दृश्य : ग्रंथपाल कपाट उघडतात. लाल कापडात बांधलेली गाठोडी.)

कपाटात पुस्तके थोडी आहेत. १९०८ साली निघालेल्या भंडारा जिल्हा गॅझेटियरची छायाप्रत आहे, १९६९-७० मध्ये पवनीला झालेल्या उत्खननाचा अहवाल आहे, ज्यात वैनगंगेच्या काठावरच्या त्या गावात सापडलेल्या प्राचीन स्तूपाची हकीकत येते. ही पुस्तके इतरत्रही मिळतात. इतरत्र मिळत नाहीत ती ही गाठोडी. जुन्या दप्तरखान्यांत कागदांच्या गाठोड्याला रुमाल म्हणत, आणि ग्रंथपालांनी तोच शब्द इथेही चालू ठेवला आहे.

(दृश्य : जवळून. एक रुमाल सोडला जातो. पिवळसर, दुमडलेला कागद.)

हा कागद नाटकाचे हस्तपत्रक आहे. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई म्हणजे जत्रा भरतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि त्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटक चालते. आज हा सारा व्यवसाय गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा गावाभोवती एकवटलेला असला, तरी पूर्वी गावातली मंडळीच नाटक बसवत असत आणि त्याआधी दंडार हे लोकनाट्य होतेच. पत्रकाचा कागद पतंगाच्या कागदाइतका पातळ आहे. वर नाटकाचे नाव, त्याखाली 'तीन अंकी संगीत', मग गावातल्या प्रतिष्ठितांची भलीमोठी यादी, आणि नटांची नावे शेवटी बारीक अक्षरांत, असा त्याचा क्रम आहे. उद्घाटकाचे नाव नायकापेक्षा मोठ्या अक्षरात छापण्याची आपली रीत किती जुनी आहे, हे यावरून कळते.

आता कागद उलटा करू. मागच्या कोऱ्या बाजूवर कोणी तरी पेन्सिलीने खंडी आणि कुडो या धान्याच्या मापांत हिशेब मांडला आहे : कोणाला किती धान दिले, किती परत आले. एका नावापुढे फुली आहे. हे पत्रक या हिशेबामुळेच टिकले, कारण नाटक संपल्यावर पत्रकाला काही किंमत नव्हती, पण उधारीला होती. १९५४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे प्रकाशकाला आपल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत देशातल्या ठरावीक मोठ्या ग्रंथालयांकडे पाठवावी लागते. असे पत्रक कोण, कशासाठी पाठवणार? ते एक तर अशा कपाटात सापडते, नाही तर चुलीत गेलेले असते.

याच वर्षी, म्हणजे १९५४ साली, भंडारा लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली आणि त्यात त्यांचा पराभव झाला. चरित्रग्रंथांत ही घटना थोडक्यात येते. त्या प्रचाराच्या वेळी कोणत्या गावात सभा झाली, लोक बैलगाडीने आले की पायी, निळे झेंडे कोणी शिवले, हे सांगणारे कागद आणि आठवणी घरोघरी विखुरल्या आहेत. ग्रंथपालांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना या काळातले काही मिळालेले नाही. मालगुजाराच्या वाड्यातून दोन पेट्या आल्या. ज्यांना वाड्याच्या ओसरीवरही चढता येत नव्हते, त्यांच्या घरून आतापर्यंत एकच वही आली, हाताने उतरवलेल्या जलशाच्या गाण्यांची. गोंड आणि हलबा वस्त्यांचे तर कागद मुळात कमी, जे आहे ते सांगण्यात आणि गाण्यात आहे. ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम सुरू होऊन फार दिवस झालेले नाहीत. संग्रहाचा हा लंगडेपणा ग्रंथपाल लपवत नाहीत, हे आम्हांला महत्त्वाचे वाटले.

(दृश्य : मोडी पत्रे. भिंगाखाली एक ओळ.)

दुसऱ्या रुमालात मोडी पत्रे आहेत. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढून घेत असे आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरे लोंबवत जात असे. वेग साधायचा, शब्दांमधली जागा सोडायची नाही. गावातल्या एका घराण्याची सोयरीक वऱ्हाडात होती, त्यामुळे काही पत्रांवर फसली सन, म्हणजे निजामाच्या मुलखात महसुलासाठी चालणारे वर्ष, आहे. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन हाती येतो, हे माहीत नसलेल्या माणसाने ही पत्रे आहेत त्यापेक्षा जवळजवळ सहाशे वर्षे जुनी ठरवली असती, आणि तशी ती एकदा ठरवलीही गेली होती.

वाचनालयाच्या स्वतःच्या इतिवृत्तांच्या वह्यांबद्दल थोडक्यात सांगायचे तर त्या कंटाळवाण्या आहेत. कंदिलाच्या काचेचा खर्च, वर्गणी थकलेल्यांची नावे, कोणते वर्तमानपत्र बंद करावे यावरचा वाद. तरीही गावात काय वाचले जात होते, याचा दुसरा कोणताही पुरावा शिल्लक नाही.

(दृश्य : ग्रामसभेचे पटांगण. मग वाचनालयाच्या टेबलावर पसरलेला गाव नकाशा.)

या कपाटाकडे लोक येतात ते बहुतेक वेळा इतिहासाच्या ओढीने येत नाहीत; गरज त्यांना इथे आणते. जात पडताळणीसाठी इतर मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा. आजोबांच्या नावाची कोतवाल पंजीतली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतली, नोंद किंवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल शोधत माणूस कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतो आणि शेवटी कोणी तरी त्याला वाचनालयाचा रस्ता दाखवते.

दुसरी गरज पाण्याची आणि जंगलाची असते. मध्य प्रांतात बंदोबस्त, म्हणजे जमिनीची मोजणी आणि साऱ्याची आकारणी, झाला तेव्हा गावोगाव 'वाजिब-उल-अर्ज' नावाचा दस्तऐवज तयार झाला. नाव परके असले तरी आतला मजकूर अगदी घरचा असतो : पाणी घेण्याची वहिवाट, जाण्यायेण्याचा रस्ता, मासे धरण्याचा हक्क. त्याच्याच जोडीचे निस्तार पत्रक. गावाला सरपण, चराई, घराचे लाकूड कुठून आणि कोणत्या अटींवर घेता येईल, हे त्यात असते. मालगुजारी १९५०-५१ मध्ये संपली, पण हे दस्तऐवज संपले नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्ताराचे एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते केवळ विदर्भाला लागू आहे. उरलेल्या महाराष्ट्रातल्या वकिलालाही हा शब्द अनेकदा विचारून घ्यावा लागतो.

पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्या नियमांमध्ये पुरावा म्हणून गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे आणि निस्तारासारख्या सामूहिक हक्कांच्या नोंदी स्पष्टपणे स्वीकारल्या गेल्या. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि शेजारच्या जिल्ह्यांतली गावेही जुने कागद हुडकू लागली. एरवी ज्या गॅझेटियरला वर्षानुवर्षे कोणी हात लावला नव्हता, त्याची पाने आता कोपऱ्यांवर मळली आहेत.

इथे ग्रंथपाल प्रत्येकाला एक गोष्ट बजावून सांगतात. या कपाटातली प्रत दाव्याला जोडून भागत नाही. प्रमाणित नक्कल तहसीलच्या किंवा भूमी अभिलेखच्या कार्यालयातूनच घ्यावी लागते. मात्र तिथल्या खिडकीवर 'जुने रेकॉर्ड पाहिजे' एवढेच म्हणणारा माणूस हात हलवत परत येतो, आणि मौज्याचे जुने नाव, पटवारी हलका (एका तलाठ्याकडच्या गावांचा गट) आणि बंदोबस्ताचे वर्ष चिठ्ठीवर लिहून नेणाऱ्याचे काम होण्याची शक्यता बरीच वाढते. ती चिठ्ठी इथे तयार होते. आम्ही बसलो होतो त्या दुपारी अशीच एक चिठ्ठी लिहिली गेली. पाठकोऱ्या कागदावर चार ओळी होत्या, आणि त्या शोधायला दीड तास लागला.

(दृश्य : खिडकीत वाळत घातलेला कडुनिंबाचा पाला. कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत.)

कागदाचे वैरी इथे बारमाही आहेत. पावसाळ्यात हवा ओली, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात, आणि वाळवी, जिला इकडे उदई म्हणतात, ती भिंतीच्या आतून येते. म्हणून कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आहेत आणि त्यांचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केले आहेत. रुमालांत कडुनिंबाचा वाळलेला पाला असतो. पण उदईपेक्षा जास्त नुकसान प्रेमाने केलेल्या दुरुस्तीने होते. फाटक्या नकाशाला चिकटपट्टी लावली की काही वर्षांत ती पिवळी पडते, तिचा डिंक कागदात मुरतो आणि अक्षरे खातो. प्लास्टिकचे लॅमिनेशन तर एकदा केले की काढता येत नाही. एका कार्यालयाने मोठ्या कौतुकाने लॅमिनेट करून परत दिलेला गाव नकाशा आम्हांला दाखवण्यात आला. आत ओल राहिल्यामुळे तलावाच्या जागी आता बुरशीचा तपकिरी डाग आहे.

मोबाइलने छायाचित्रे काढण्याचे काम गावातली महाविद्यालयीन मुले करतात. सकाळचा उजेड, खिडकीजवळचे टेबल, कागदाशेजारी एक पट्टी आणि रुमालाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, एवढीच सामग्री. क्रमांकाची चिठ्ठी विसरली की ते छायाचित्र निरुपयोगी ठरते, कारण कोणता कागद कोणत्या घरच्या, कोणत्या पेटीतल्या, कशाच्या खाली होता, हे एकदा तुटले की पुन्हा जुळत नाही. उधारीचा हिशेब नाटकाच्या पत्रकावर होता, म्हणून तर त्या हिशेबाचा हंगाम कळला.

(दृश्य : संध्याकाळ. एक वयस्क शेतकरी खताच्या रिकाम्या पिशवीत कागद घेऊन येतात.)

चित्रीकरण आटोपत आले असताना शेजारच्या गावचे एक गृहस्थ आले. घर पाडताना आड्याजवळच्या पेटीत हे सापडले, असे त्यांनी सांगितले आणि पिशवी टेबलावर ठेवली. ग्रंथपालांनी ती लगेच उघडली नाही. त्यांनी आधी दाखल नोंदवही काढली, तारीख घातली आणि विचारले,

"काकाजी, पेटीत जसे होते तसेच आणले का जी?"

"नाही जी. सुनेने उन्हात वाळू घातले होते. वाऱ्याने उडाले, मग पोरांनी गोळा केले."

ग्रंथपाल क्षणभर थांबले. मग त्यांनी नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : 'मूळ क्रम मोडलेला. उन्हात वाळवले, वाऱ्याने उडाले, मुलांनी गोळा केले.' आणि पिशवीची गाठ सोडायला घेतली.