फ्रीजचा गॅस संपत नसतो

श्रोतेहो, नमस्कार. सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला, की आम्हा फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांना एकच निरोप येतो. "फ्रीज गार होईना झालाय, गॅस संपला असंल. भरून द्या."

गॅस संपत नसतो. ती स्वयंपाकाची टाकी नव्हे. बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर नळी कुठेतरी गळते आहे. ती गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघूनच जाणार. म्हणून मिस्त्रीला आधी विचारा, "गळती कुठं सापडली?"

मिरजेच्या एका आजींचं इन्सुलिन फ्रीजमध्ये होतं. ते २ ते ८ अंशांत राहावं लागतं. खालचा कप्पा मात्र कोमट. कुणीतरी गॅस भरून पैसे घेऊन गेलेलं. मी फ्रीझर उघडला तर आत बर्फ दगडासारखा. तेव्हाच शंका आली, की दुखणं गॅसचं नव्हे. फ्रीझरच्या आतलं मागचं झाकण काढलं, तर हवा गार करणारी कॉइल बर्फानं पार गाडलेली. बर्फ वितळवणारा हीटर जळालेला, त्यामुळं पंख्याची गार हवा खाली उतरतच नव्हती. हीटर बदलला, काम झालं. आजी मात्र आठवडाभर रोज शेजारणीकडं जाऊन इंजेक्शन घेत होत्या, याचं मला फार वाईट वाटलं.

आम्हाला बोलावण्याआधी एवढं बघा. प्लग काढून फ्रीज भिंतीपासून पुढं ओढा. मागं काळी जाळी असेल, फ्रीजची उष्णता बाहेर टाकणारी, तर ती कोरड्या ब्रशनं झाडा. मार्केट यार्डाजवळच्या एका घरात तिच्यावर हळदीचा पिवळा थर बसला होता! जाळी दिसत नसेल तर ती बाजूच्या पत्र्याआड असते. तो पत्रा गरम लागणं बिघाड नव्हे, पण तिथं हवेला जागा हवी. मग दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निसटला, तर रबर ढिलं झालंय.

संध्याकाळी 'कट्' आवाज करून कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस फिरवणारी मोटर, बंद पडत असेल, तर व्होल्टेज तपासून घ्या.

आणि बर्फ सुरीनं खरवडू नका, हात जोडून सांगतो. आतली नळी नाजूक असते, आणि बऱ्याच नव्या फ्रीजमधला आर-६००ए गॅस पेट घेतो. फ्रीज बंद करून दार उघडं ठेवा, खाली फडकं अंथरा.

फ्रीज पुन्हा चालू करून दिवसभर गार होऊ द्या. रात्री मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवा, त्यात थर्मामीटर. ताप बघायचा नव्हे, साधा. सकाळी आकडा ४ अंशांच्या आसपास असला, तर आम्हाला बोलवायची गरज नाही.