पाकिटावर नाव नको

गोव्यात नवा माणूस भेटला की आपला पहिला प्रश्न ठरलेला. ‘खंयचो रे तूं? कोणालो?’ दोन मिनिटांत त्याच्या मामाचं गावसुद्धा निघतं. एरवी गोड वाटणारी ही सवय कामाच्या जागेतल्या गैरप्रकाराची तक्रार करणाऱ्याच्या मात्र मुळावर येते.

खाणपट्ट्यात वजनकाट्यावर काम करणारा एक कारकून माझ्याकडे आला होता. ट्रक वजन न करताच सुटतात, असं त्याने वरिष्ठांना निनावी कळवलं होतं. पत्रात एक वाक्य होतं : ‘रात्रपाळीला मी काट्यावर असताना’. रात्रपाळीला काट्यावर माणूस एकच! आठवड्यात त्याची बदली झाली. बदलीच्या कागदावर अर्थातच ‘प्रशासकीय कारण’.

सत्येंद्र दुबे महामार्ग प्राधिकरणात अभियंता होते. २००२ साली त्यांनी कामातल्या गैरप्रकारांबद्दल पंतप्रधानांना पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट कार्यालयांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. न्यायालयात तो लुटीतला खून ठरला, पण नाव फुटल्याचा प्रश्न उरलाच. त्यातून २१ एप्रिल २००४ चा केंद्राचा ‘जनहित प्रकटन’ ठराव आला आणि केंद्रीय दक्षता आयोगाकडे गुप्त तक्रार करायची वाट झाली. मुरगाव बंदर किंवा गोवा शिपयार्डसारख्या केंद्राच्या आस्थापनांना ती लागू आहे. राज्य सरकारच्या खात्यांना नाही.

नीट ऐका, कारण इथेच लोक चुकतात. निनावी पत्र आयोग घेत नाही. नाव-पत्ता पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी लिहायचा. पाकिटावर मुळीच नाही. पाकीट चिकटवून बंद करायचं आणि त्यावर ही जनहित प्रकटन ठरावाखालची तक्रार आहे, एवढंच लिहायचं. मजकुरात तुमची ओळख पटेल असा धागा ठेवायचा नाही. आमच्या कारकुनाचं ते एक वाक्य आठवा.

गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी संसदेचा कायदाही आहे. राष्ट्रपतींची सही ९ मे २०१४ ची. पण तो अंमलात आणणारी अधिसूचना काही निघाली नाही. बारसं झालं, मूल घरी आलंच नाही!

वेर्ण्याच्या कारखान्यांतल्या मंडळींसाठी २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १७७. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला तक्रारीची अंतर्गत यंत्रणा ठेवावीच लागते, आणि तक्रारदाराचा छळ होऊ नये याची तजवीजही. अपवादात्मक प्रसंगी थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षाकडे जाता येतं. साहेबच गुंतलेला असेल तर हाच रस्ता. छोट्या कंत्राटदाराकडच्या कामगाराला यातलं जवळजवळ काहीच मिळत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

मघाशी कुणीतरी विचारलं, पोच येते का? दक्षता आयोग या तक्रारींची पोच देत नाही, आणि मागे लागून पत्रंही पाठवायची नसतात. म्हणून प्रत स्वतःजवळ ठेवा. ऑफिसच्या झेरॉक्स मशीनवर मात्र ती काढू नका.