ओकची झाडं आणि मॉस्कोची ऑर्डर

नमस्कार मंडळी. बाजार कुणी आखत नाही, उत्क्रांतीही कुणी आखत नाही. सरकारी योजना मात्र कुणीतरी टेबलाशी बसून आखतं. आजचा विषय हाच, पण आधी लायसेन्कोची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

साल 1948, सोव्हिएत रशिया. दोनच वर्षांपूर्वी भयंकर दुष्काळ पडलेला, म्हणून स्टालिनने ठरवलं की उघड्या माळरानावर झाडांचे लांबच लांब पट्टे लावायचे आणि कोरडा वारा अडवायचा. कल्पना वाईट नव्हती हं! पण झाडं लावायची कशी ते ठरवणार त्रोफिम लायसेन्को, शेतकी अकादमीचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं काय, तर एकाच जातीची झाडं आपसात स्पर्धा करतच नाहीत, स्पर्धाबिर्धा सगळं भांडवलदारांच्या डोक्यातलं. म्हणून ओकच्या बिया झुबक्याने लावा, रोपं मिळून तणाशी लढतील आणि जास्तीची रोपं जातीच्या भल्यासाठी आपणहून मरतील. आता मिरचीच्या वाफ्यात विरळणी का करतात ते तुम्हाला मी काय सांगू!

तर ऑर्डर सुटली. माती वेगळी, पाऊस वेगळा, पद्धत एकच, आणि बहुतेक रोपं गेली. नको म्हणणार कोण? निकोलाय वाविलोव, जगभर फिरून बियाणं जमवणारा शास्त्रज्ञ, लायसेन्कोच्या विरोधात बोलला, त्याला 1940 मध्येच पकडलेलं, 1943 ला तो सारातोवच्या तुरुंगातच वारला. 1953 ला स्टालिन वारला आणि मग योजनाही गुंडाळली.

आपल्याकडेही वृक्षारोपण म्हणजे दरवर्षी तोच खड्डा, तेच पाहुणे, फक्त रोप नवं. असो.

मुद्दा पुन्हा सांगतो, चूक सगळेच करतात, ती किती मोठी होऊ देता ते बघा. एका दुकानदाराचा अंदाज चुकला तर एक दुकान बसतं, प्लॅन चुकला तर लाखो हेक्टर बसतात. उत्क्रांती काही फार हुशार नाही, माझ्या आवाजाच्या पेटीची डावी नस मानेतून सरळ यायची सोडून छातीत उतरून परत वर येते, जिराफात तर तो फेरा काही मीटरचा होतो. कुणी आखली असती तर अशी आखली नसती, पण काम चालतं.

आणि हो, बाजार म्हणजे जंगल नव्हे. काटा मारणाऱ्याला धरायला वजनमाप खातं लागतंच, आणि ते आपोआप उगवत नाही, कुणीतरी आखावंच लागतं.