एका पेशीच्या जाडीचं अस्तर

डोळ्यात थेंब टाकून अर्धा तास झालाय. बाहुली चांगली मोठी झाली आहे. डॉक्टर भिंग समोर धरतात आणि उजेडात डोळ्याच्या आतला पडदा दिसू लागतो: तांबूस, त्यावर फांद्यांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या. कुठेही चिरा न देता शरीराच्या आतल्या रक्तवाहिन्या इतक्या स्वच्छ दिसतील, अशी दुसरी जागा नाही.

खुर्चीतल्या बाईला गरोदरपणाचा तिसरा महिना आहे, आणि मधुमेह बऱ्याच वर्षांचा. नजरेची तक्रार काहीच नाही. तरी पडद्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत. केशवाहिनीची, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिनीची, भिंत जिथे कमजोर पडली, तिथे आलेले हे फुगे.

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, फक्त एका पेशीच्या जाडीचं. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, आणि त्यामुळे वाहिनी सैलावते, रुंदावते. रक्तात साखर सतत जास्त राहिली की आधी दुखावतं ते हे अस्तर. नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, वाहिनी आखडते, भिंत झिरपू लागते. दुखत मात्र काहीच नाही.

आणि गरोदरपण नेमकं याच अस्तराकडून सर्वांत जास्त काम मागतं. आईच्या शरीरातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. गर्भाशयाच्या वळणदार धमन्यांच्या टोकांशी वारेच्या (प्लॅसेंटाच्या) पेशी शिरतात, भिंतीतला स्नायू काढून टाकतात, आणि त्या चिंचोळ्या धमन्यांच्या रुंद, सैल नळ्या होतात. नवव्या महिन्यापर्यंत गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जातं. हा बदल अर्धवट राहिला, तर वारेला रक्त कमी पडतं. त्यातून पुढे एक आजार उद्भवू शकतो: पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त, लघवीतून प्रथिनं जाणं. हा प्रीएक्लॅम्प्सिया. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रियांना त्याचा धोका कितीतरी जास्त. म्हणूनच त्यांना बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन सुचवली जाते. अर्थात, डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

वारेत आईचं आणि बाळाचं रक्त मिसळत नाही. साखर पलीकडे जाते, आईचं इन्शुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्शुलिन वाढवतं, भराभर वाढतं, आणि त्याला ऑक्सिजनही जास्त लागतो. वार आपल्या परीनं केशवाहिन्यांचं जाळं दाट करते, पण अस्तराखालचा थर जाड झाला असेल तर ऑक्सिजनची वाट अवघड होते.

बोस्टनच्या डॉक्टर प्रिसिला व्हाइट यांनी 1949 मध्ये मधुमेही गरोदर स्त्रियांचं वर्गीकरण केलं, तेव्हा मधुमेह किती वर्षांचा आणि रक्तवाहिन्यांचं किती नुकसान झालंय, हे दोन्ही त्यात धरलं होतं. मला ही नजर फार मोलाची वाटते. आजही नुसत्या साखरेच्या आकड्यावर थांबून चालत नाही.

ज्यांना मधुमेह गरोदरपणातच पहिल्यांदा झाला, त्यांच्या डोळ्यांना सहसा असा धोका नसतो. पण जुना मधुमेह असेल, तर पडदा गरोदरपणात लवकर बिघडू शकतो. साखर एकदम खाली आणली तरी काही काळ बिघडतो. यावर उपाय साखर वाढू देणं हा नव्हे. पडदा लवकर आणि पुन्हा पुन्हा तपासायचा.

डॉक्टर कागदावर दोन वर्तुळं काढतात, उजवा डोळा, डावा डोळा, आणि ठिपके जिथल्या तिथे मांडतात. तिला अजून अंधुक दिसतंय, उजेड टोचतोय. पुढची तारीख पुढच्या तिमाहीची. तेच थेंब, तीच खुर्ची, आणि शेजारी ठेवायला हा कागद.